गुंडोजीराजांनी कडू डबा घेतला, त्याची बखर

आज्ञा जाहली की, दुसऱ्या मजल्यावरील घरी श्रीमंत बाळराजांनी कडू डब्याचे दूध प्राशन केले, ती हकिकत साद्यंत लिहोन ठेवावी, म्हणजे पुढे राजे थोर होऊन ताटावर नखरे करू लागले तर वाचून दाखवावयास उपयोगी पडेल. त्याजवरून लिहिणाराने चष्मा पुसोन, जे घडले ते आणि जे शेजारणींनी भिंतीपलीकडून ऐकले तेही, लिहिले आहे. पदरचे घातले ते मिठाइतकेच.

तर बाळराजे, लाडके नाव गुंडोजी, हे जन्मतःच प्रतापी. गर्जना ऐसी की, तळमजल्यावरील शिंपी सुईत दोरा ओवता ओवता थांबे. परंतु गायीचे दूध हा त्यांचा हाडवैरी. त्यातील प्रथिन पोटी गेले की गालांवर लाल चट्टे उठत, पोटात बंड माजे आणि लंगोटात रक्ताची रेघ दिसे. बरे, वैरी उघड चालून येई ऐसेही नव्हे; आईसाहेबांनी जे खावे ते अंगावरच्या दुधातून राजांस पोहोचे. सबब आईसाहेबांनी दूध सोडिले, मग दही सोडिले, मग लोणी, चीज, केक आणि बिस्किटे सोडिली, आणि दुधाचा चहा, ज्याविना त्यांची सकाळ उजाडत नसे, तोही सोडोन काळ्या चहावर आल्या. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात म्हणतात. येथे तर ताकासही उंबरठ्याच्या आत मज्जाव होता.

इतके करोनही चट्टे हटेनात आणि राजांचे वजन चढेना. तेव्हा हकीमसाहेब, म्हणजे बालरोगतज्ज्ञ, बोलणे करडे परंतु खिशात खुळखुळा बाळगणारे, यांनी राजांस तराजूवर निजवोन फर्मान काढिले की, अंगावरचे दूध बंद. यापुढे खास डब्यातील भुकटीचे दूध, ज्यात वैऱ्याची खांडोळी करोन त्याची ओळख बुजविली आहे, तेच पाजावे. सोमवारपर्यंत राजे डबा घेईनात, तर इस्पितळात दाखल करोन नाकातून नळी घालावी लागेल. नळीचे नाव निघताच आईसाहेबांनी राजांस तराजूवरून उचलोन उराशी धरिले. मंडळी निघताना हकीमसाहेब म्हणाले, "तुम्ही आता काहीही खा. दुधाचा चहा घ्या मस्तपैकी." त्या बोलाने आनंद व्हावा, तो आईसाहेबांस भडभडून आले. तो चहा घेणे म्हणजे आपले दूध संपले, हे आपणच कबूल करणे. घरी येऊन त्या काळाच चहा पीत राहिल्या, आणि कोणी विचारिले तर सवय जाहली म्हणत.

मग डबा उघडिला. वास ऐसा की, ओल्या पुठ्ठ्यात औषधाच्या गोळ्या कुजत घातल्या असाव्या. पहिला हल्ला राजांचे तीर्थरूप, विमा कचेरीतील नामांकित सरदार, यांनी केला. बाटली उकळोन, पाणी मोजोन, भुकटी घालोन, गाणे म्हणत चालोन गेले, आणि बूच काढिताच नाक मुरडोन मागे सरले. राजांनी तीर्थरूपांच्या मुद्रेकडे एकवार पाहिले आणि ओठ मिटोन किल्ल्याचे दरवाजे लाविले. मग आजीसाहेब पुढे जाहल्या. "चार पोरं वाढवली मी. सरा बाजूला," ऐसे बजावोन, नाकाला पदर लावोन, चमच्याने तोफ डागिली, राजांनी फुर्र करोन ती उलटविली आणि आजीसाहेबांचा चष्मा कामास आला. सर्वांअंती आईसाहेब बसल्या. त्या श्वास कोंडोन बाटली पुढे करीत, आणि राजे त्यांच्या कुशीत आपले जुने दूध धुंडाळीत, आणि दोघेही रडत. ऐसे करिता करिता रविवार उजाडला आणि इस्पितळाची पिशवी भरावयास घेतली.

तों आईसाहेबांचे थोरले बंधू, मामासाहेब, न्हाणीघराच्या भिंतीस रंगाचा हात मारावयास आले. पेशाने रंगारी. थिनर हुंगता हुंगता त्यांचे नाक कधीचेच कामावरून गेले होते. एकदा शेजारच्या शेगडीवर भाजीचा कोळसा जाहला तरी स्वारी पेपर वाचीत बसली होती, यावरून आजीसाहेब त्यांस अद्यापि टोचीत. मामासाहेबांनी हात धुतले, राजांस मांडीवर घेतले, आणि घरचे लोक पिशवीत टोपडी किती घालावी यावर हुज्जत घालीत असता बाटली उचलिली.

"काय रे गुंड्या, उपास आहे का तुझा? मी पण उपाशीच आहे. चहा तरी विचारलाय का कोणी?"

राजांनी मामासाहेबांचे तोंड निरखिले. तेथे नाक मुरडलेले नाही, डोळे भरलेले नाहीत, नुसता मामा. राजांनी एक घोट घेतला, थुंकिला, पुन्हा मुद्रा निरखिली, आणि दुसरा घोट गिळिला.

आईसाहेब दारातून पाहत होत्या, आणि त्यांस लख्ख उमगले. राजे डब्यास भीत नव्हते. घरच्यांच्या तोंडांस भीत होते. तत्क्षणी फर्मान सुटले की, डब्यासमोर जो नाक मुरडेल त्यास पाळण्याजवळ थारा नाही. तीर्थरूप आरशापुढे हसण्याची कवायत करू लागले, आणि आजीसाहेबांनी नाकात कापूस घातला.

परंतु मामासाहेब किती दिवस पुरणार? त्यांनी अर्धी बाटली आईसाहेबांच्या हाती दिली आणि म्हणाले, "धर. मला भिंत खरवडायचीय. आणि तोंड नीट कर, कोणी मेलं नाहीये."

"मेलं नाही रे दादा. पण माझं दूध गेलं ना."

मामासाहेबांनी राजांस उचलोन आईसाहेबांच्या मांडीवर ठेविले. मग म्हणाले, "दूध गेलं. तू आहेस की."

आईसाहेबांनी डोळे पुसले, तळहातावर एक थेंब घेतला आणि जिभेस लाविला. ऐसा कडूजहर की अंगावर काटा आला. आणि एवढ्याशा जीवाने हे प्यावे म्हणोन आपण रुसून बसलो होतो, हे मनी येताच त्यांस हसू फुटले. "बाई गं, गुंड्या, तुझंच बरोबर होतं रे." खोटे नव्हे, पोटातले हसू ते. राजे ते पाहोन बोळक्याने हसले, तोंड उघडले, आणि बाटली आत गेली. आईसाहेबांचे बोट मुठीत धरोन राजांनी तळ गाठिला. मग ढेकर देऊन तीर्थरूपांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर थोडके परतही केले. ती सलामी समजोन सर्वांनी मुजरा केला.

सोमवारी हकीमसाहेबांनी तराजूचा काटा पाहिला, खुळखुळा वाजविला आणि नळीचे फर्मान रद्द केले. चट्टे सावकाश हटतील म्हणाले. घरी परतताच आईसाहेबांनी हुकूम केला, "दादा, चहा टाक. दुधाचा."

मामासाहेबांनी चहा टाकिला, दूध बुडास लागोन करपले, आणि त्यांस अर्थातच कळले नाही. आईसाहेबांनी तो करपट चहा तोंड तिळमात्र वाकडे न करिता शेवटच्या घोटापर्यंत घेतला, मग साबणाने हात-तोंड धुतले, आणि राजांस उचलोन बाटली तयार केली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. न्हाणीघराची भिंत मात्र अद्यापि अर्धीच आहे, हेही नोंदले असावे.