नळाचे नऊ रंग

आमच्या गावच्या नळाला गुलाबी पाणी येऊ लागले, ही बाब ग्रामपंचायतीने गांभीर्याने घेतली आणि दप्तरी नोंदवली. वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना आहे. त्याचे सांडपाणी नळाला पाणी पुरवणाऱ्या गावच्या विहिरीत झिरपते, हे शेळ्यांनाही ठाऊक होते. शेळ्या त्या विहिरीकडे फिरकत नसत. शासनाला मात्र पुरावा लागतो.

चिमणाबाईंच्या सुनेला, विद्याश्रीला, सातवा महिना होता. हे पाणी घोटभरही पोटात जाता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून चिमणाबाईंनी बाटली भरून कोल्हापूरचे पाणीपुरवठा कार्यालय गाठले.

"बाई, हे पाणी आहे कशावरून?" साहेबांनी विचारले.

"नळातनं आलंय की!"

साहेबांनी नियम दाखवला. पाणी म्हणजे रंगहीन द्रव. सबब सदर नमुना सरबतात मोडतो आणि सरबताचे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथे बाटलीला लेबल नाही म्हणून चिमणाबाईंनाच नोटीस मिळाली, विनापरवाना सरबत बाळगल्याची.

मग ग्रामसभा भरली. कारखान्याचे मॅनेजर गणपतराव हात जोडून म्हणाले, "नवरात्र तोंडावर हाय. ज्या माळेला जो रंग, त्या माळेला तसलंच पाणी सोडतो. मग तर झालं?"

सभा खूश झाली. मोरपंखी जमेल का, एवढीच शंका बायकांनी काढली.

"अगं बायांनो, माझ्या सुनंला पाणी पायजे, साडी न्हाय!" चिमणाबाई ओरडल्या. त्यांचे म्हणणे 'आयत्या वेळचे विषय' यात घेण्यात आले आणि वेळ संपली.

दसऱ्यानंतर साहेब पाहणीला आले. नळाला रंग दिसता कामा नये, असा कडक आदेश त्यांनी काढला. गणपतरावांनी विहिरीत रंग उडवायची पावडर ओतली. पाणी काचेसारखे नितळ झाले. समारंभ झाला, साहेबांना कोल्हापुरी फेटा बांधला आणि त्यांनी पहिला पेला विद्याश्रीच्या हाती दिला.

चिमणाबाईंनी तो हिसकावून घेतला. "सायेब, ह्यातलं इख गेलं व्हय?"

"तुमची तक्रार रंगाची होती. ती निकाली निघाली."

"गुलाबी हुतं तवा पिऊ न्हाई एवढं तरी कळत हुतं! आता कसं वळखायचं?"

साहेब वैतागले. "शहरातली शिकलेली माणसं असलंच नितळ पाणी रोज पितात. त्यांनी विचारलंय कधी?"

ते तुमच्याबद्दल बोलत होते.