सासूबाईंचा नीळकंठ

कोजागिरी उलटून चार दिवस झाले तरी पार्बताबाई लेकीला सासरी पाठवायचं नाव काढत नव्हत्या. कौशल्या कोजागिरीपर्यंतच्या भुलाबाईच्या गाण्यांसाठी तिवस्याला माहेरी आली, ती तिथलीच झाली. इकडे अमरावतीच्या मळ्यात तिचा नवरा शालिकराम महिनाभर स्वतःच्या हातच्या भाकरी खाऊन अर्धा झाला होता. त्या भाकरी बैलसुद्धा हुंगून सोडून देत. शेवटी तोच बायकोला न्यायला आला.

"मी कुठं नाही म्हनते, जवाईबापू?" खाटेवर पाय लांब करून पार्बताबाई म्हणाल्या. "पन शकुनाचं पाखरू, नीळकंठ, पाह्यल्याबिगर आमी लेक वाटे लावत नाही. अन् दसऱ्यापासून माह्या पाय मुरगळला. बाहीर जाऊ कशी?"

"तारेवर रोज बसते तो. खांद्यावर नेतो तुमाले."

"जवायाच्या खांद्यावर? लोक थुंकतीन!"

"मंग फोटोत पाह्यला तं चालंन?"

पार्बताबाई विचारात पडल्या. नाही म्हणायला कारण सापडेना. "चालंन. पन वळखू आला पाह्यजे."

शालिकरामने अमरावतीच्या भगवंतराव मास्तरांकडून त्यांचा डबा-कॅमेरा आणला. डबा पोटाशी धरायचा, वरून काचेत पाहायचं, श्वास रोखायचा आणि खटका ओढायचा, असे आठ फोटो निघतात, एवढं मास्तरांनी सांगितलं. काचेत डावं उजवीकडे दिसतं, हे सांगायचं ते विसरले. त्यामुळे पाखरू एकीकडे आणि शालिकराम भलतीकडे, असा खेळ नागपूर रोडच्या कडेला सकाळभर चालला. एका फोटोत बैलाची पाठ आली, दुसऱ्यात स्वतःची सावली, तिसऱ्यात नुसती तार. काचेत डोळे घालून चालता चालता तो शेजारच्या नत्थुजींच्या वाफ्यात घोट्यापर्यंत रुतला.

"काय करून राहिले, जवाईबापू?" नत्थुजींनी विचारलं.

"पाखराचा फोटो काढून राहिलो."

"मंग माह्या कोबीवर काहून उभे?"

आठव्या खेपेला मात्र नीळकंठ तारेवर जागचा हलला नाही. खटका वाजला.

अमरावतीहून फिल्म धुऊन आली, तेव्हा सात फोटो फुकट गेले होते. आठव्यात एक तार होती आणि तिच्यावर तिळाएवढं काळं काहीतरी. शालिकरामने ते मोठ्या ऐटीत सासूबाईंच्या हातात दिलं. पार्बताबाईंनी फोटो उजेडाकडे धरला.

"कावळा!" त्या किंचाळल्या. "मी जित्ती असतानाच मले कावळा दाखवता? पिंडाची घाई झाली काय तुमाले?"

"नीळकंठच हाये, मामी! फोटोत निळं काळं येते."

"थांबा, तुमचं तोंडच काळं करते!"

पार्बताबाईंनी झाडू उचलला आणि जावयाला अंगणात तुळशीभोवती दोन फेरे पळवलं. तिसऱ्या फेऱ्याला कौशल्या ओरडली, "माय! तुया पाय!"

पार्बताबाई जागच्या जागी थांबल्या. नेमका तेव्हाच धुणं वाळत घालायच्या दोरीवर एक नीळकंठ येऊन बसला. पंख पसरले तसा सगळा निळा झळकला.

"मामी, तो पाहा!"

पार्बताबाईंनी डोळे गच्च मिटले आणि वरून पदर ओढला. "मले काई दिसत नाही!"

"पदर काढशीन तवा दिसंन ना, माय!"

"नाही काढत. तो दिसला का तू चालली." त्यांनी पदर आणखी घट्ट धरला. "मातीची भुलाबाई पान्यात शिरवली, आता तूबी जाशीन. मंग मी काय भिंतीसंग बोलू?"

शालिकरामला एकदम स्वतःची लाज वाटली. महिनाभराच्या भाकरीचं दुःख त्याने गावभर सांगितलं होतं, पण या म्हातारीची चूल एकटीचीच आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मंग तुमीबी चाला ना आमच्यासंग," तो म्हणाला.

पदर झटक्यात खाली आला. त्या घरात गेल्या आणि खाटेखालून एक गाठोडं ओढून काढलं. ते दोरीने घट्ट बांधलेलं होतं. किती दिवसांपासून, हे कोणी विचारलं नाही.

सर्विस मोटारीत पार्बताबाईंनी खिडकीची जागा धरली. "हा पाहा नीळकंठ! तो दुसरा! काढा ना फोटो, जवाईबापू!" फिल्म संपलेला डबा शालिकरामने हळूच मांडीखाली सरकवला.

अमरावती येईतो त्यांनी अकरा मोजले. "अकरा शकुन झाले," त्या समाधानाने म्हणाल्या. "आता दिवाळी करूनच जाईन."

कोणत्या सालची दिवाळी, हे विचारायची शालिकरामची छाती झाली नाही.