दोन इंजिनांची होडी

मुलांनो, एका जंगलाच्या मधोमध एक रुंद खाडी होती. खाडीच्या अलीकडे गवत होतं आणि पलीकडे गोड्या पाण्याचं तळं. म्हणजे खायचं इकडे आणि प्यायचं तिकडे. अशी सोय कुणी केली ते विचारू नका. जंगलातही कुणी विचारत नसे.

सगळ्यांची ये-जा धाकू पाणमांजराच्या होडीतून चाले. होडी धडधाकट होती. इंजिन मात्र पार झिजलं होतं. ते काळा धूर ओकायचं, तेल गळायचं आणि मनात आलं तर चालायचं.

एके दुपारी ते भर खाडीत बंद पडलं. होडीत शेवंता नावाची गाभण हरणी एकटीच होती. होडी वाहत वाहत मगरीच्या कातळाकडे निघाली. धाकूनं पाण्यात उडी टाकली आणि खांदा लावून होडी कशीबशी पलीकडच्या काठाला नेली.

उतरताना शेवंता म्हणाली, "धाकूदादा, आता बाळंतपण होईस्तोवर मी इकडेच राहते. पण पाडस घेऊन परत तुमच्याच होडीतून यायचंय. तेवढं इंजिनाचं बघा."

घरी पोचल्यावर धाकूनं घडलेलं सगळं सांगितलं.

त्याचे वडील तातोबा म्हणाले, "इंजिन उतरव आणि खोलून काम काढ. पिस्टन बदल, रिंगा बदल. असलं लोखंड आता मिळत नाही."

धाकूला ते पटलं.

त्याची बायको रखमा म्हणाली, "आज पिस्टन बदलाल, उद्या पंप जाईल. जुन्यात किती जीव घालणार? नवंच घ्या."

धाकूला तेही पटलं. तो स्वभावानं फार चांगला होता. जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटायचं. त्यामुळे शेवटी कोण बोलणार यावरून घरात भांडण लागलं. तातोबा रुसून इंजिनाशेजारी झोपायला गेले. रखमा माहेरी जायला निघाली. चुलीवरचा मासा करपला.

करपलेला मासा खाता खाता धाकूनं निर्णय घेतला. जुनं दुरुस्तही करायचं आणि नवं आणायचंही.

खेकडामिस्त्रीनं जुन्याचं काम काढलं. नवंही येऊन पडलं. मिस्त्रीनं विचारलं, "बसवायचं कुठं?"

"जुनं पुढं, नवं मागं."

"मी उतारूंचं विचारतोय."

"आधी घरातलं मिटू दे," धाकू म्हणाला.

दोन्ही इंजिनं बसली. होडी काठोकाठ पाण्यात दबली. पुढं तातोबा बसले, मागं रखमा बसली. आता एखादा ससा जरी चढला असता तरी पाणी आत आलं असतं. खुद्द धाकूलाही जागा उरली नाही. तो काठावर उभा राहिला.

होडी मात्र अशी पळाली की काय सांगू! तातोबा म्हणाले, "बघा, जुनं कसं ओढतंय!" रखमा म्हणाली, "बघा, नवं कसं ढकलतंय!" खाडीला वळसा घालून दोघं हसत परत आली. कितीतरी दिवसांनी धाकूला मोकळा श्वास घेता आला.

पलीकडच्या काठावर शेवंता उभी होती. तिच्या पोटाशी इवलंसं पाडस होतं. तिनं हाक मारली, "दादा, आम्हाला कधी नेताय?"

"आता काळजीच नको!" धाकू ओरडला. "एक बंद पडलं तरी दुसरं आहे!"

शेवंतानं ऊन उतरेपर्यंत वाट पाहिली. तिच्यासमोरून होडी तीनदा एकही उतारू न घेता गेली. मग ती पाडसाला घेऊन डोंगराला वळसा घालून, वाघाच्या वाटेनं चालू लागली.

त्या संध्याकाळी धाकूच्या घरी तिघं एका ताटात जेवली. कुणी चढा शब्द काढला नाही.

तात्पर्य : घरातल्या सगळ्यांचं मन राखावं. उतारूंना पाय असतात.