बाराव्या मिशनची टिप

इंद्रजित घोरपडेचं ठाम म्हणणं होतं, की ‘लोहचंद्र’ हा गेम अख्ख्या नवी मुंबईत त्याच्याएवढा कुणाला कळलेला नाही. दिवसा तो पावणे गावातल्या एका छोट्या कारखान्यात नट-बोल्टची खरेदी बघायचा आणि संध्याकाळी खारघरच्या घरी परक्या चंद्रांवर खाणी खोदायचा. खाणीतून धातू काढा, कारखाना उभारा, रोबोंची फौज बनवा, आणि हे सगळं शत्रू येऊन आदळायच्या आत. कारण या खेळात कुणी कुणाच्या डावाची वाट बघत थांबत नाही. अशी बारा मिशनं. प्रत्येक मिशन कसं जिंकायचं ते त्याने ब्लॉगवर मराठीत सविस्तर लिहिलं होतं आणि वर ठळक अक्षरांत ‘करून पाहिलेल्या टिप्स’ असं टाकलं होतं.

अकरा मिशनांपुरतं ते खरं होतं.

बारावं त्याला दोन महिने जमलं नाही. बर्फाच्या दरीतून इंधनाचे सोळा टँकर अर्ध्या तासात पलीकडच्या यानापर्यंत न्यायचे, आणि डोक्यावर शत्रूची विमानं. वाचक रोज विचारायला लागले तेव्हा एका दुपारी डबा खाता खाता त्याने अंदाजाने लिहून टाकलं, की सगळे रणगाडे दरीच्या तोंडाशी एकवटा आणि मागून सोळाही टँकर एका दमात सोडा, शत्रू गोंधळतो. ही टिप बाकीच्या अकरांपेक्षा जास्त ठामपणे लिहिलेली होती. चार जणांनी आभारही मानले.

त्याचे सासरे कृष्णात जाधव कोपरखैरणेला राहायचे. मूळचे साताऱ्याकडचे, पस्तीस वर्षं मार्केटात कांद्या-बटाट्याच्या गोण्या वाहिलेला माणूस. बसून केलेल्या कामाला ते काम म्हणत नसत. लग्नाला सहा वर्षं झाली, पण जावयाशी त्यांचं बोलणं ‘आला का’ आणि ‘निघाला का’ यापुढे गेलं नव्हतं. मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरात पडून त्यांचा जीव उबगला, म्हणून वैष्णवीने नवऱ्याचा जुना लॅपटॉप वडिलांना नेऊन दिला. त्यात हा गेम होता. पहिल्या आठवड्यात त्यांनी तो बंद कसा करायचा हे विचारलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलं, की पाचव्या मिशनला शत्रू डावीकडूनच का येतो. तेव्हा वैष्णवीने सांगितलं, की हे सगळं तुमच्या जावयानेच लिहून ठेवलंय.

त्या दिवसापासून रोज फोन यायला लागला. कृष्णातराव त्याला ‘जावईबापू’ म्हणायला लागले. इंद्रजितची मान अशी काही ताठ झाली, की वैष्णवीने त्याला उशी बदलून दिली.

आणि एका शनिवारी फोन आला तो निराळाच.

“बाराव्याला एकोनीस डाव हरलो,” कृष्णातराव म्हणाले. “तुमच्या लिवण्यात चूक असनार न्हाय, माजाच हात जड हाय. उद्या या, आन् डोळ्यांदेखत करून दावा.”

इंद्रजितने फोन ठेवला. त्याने वैष्णवीला सांगितलं, की उद्या कारखान्यात स्टॉक मोजायचाय. तिने आठवण करून दिली, की उद्या रविवार आहे. रात्रभर त्याने दरीत टँकर सोडून बघितले आणि पहाटेपर्यंत एकशे बारा टँकर जाळले.

त्याला वाटलं होतं, बघायला सासरे एकटेच असतील. दार उघडलं तर मुक्ताबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, चटई अंथरलेली, वैष्णवीने आदल्या आठवड्यात आणून दिलेली वायर लावून लॅपटॉप टीव्हीला जोडलेला, आणि समोर खुर्चीत पांढरी टोपी घालून हौसेराव बसलेले. हौसेराव म्हणजे कृष्णातरावांच्या टोळीचे जुने मुकादम. जावयाचा पराक्रम बघायला त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. बाराव्या मिशनची टिप कागदावर छापून, वर प्लास्टिक चढवून भिंतीला लावली होती.

इंद्रजित बसला. टिपेप्रमाणे खेळावं तर हार पक्की, आणि टिप सोडून खेळावं तर कागद समोर. त्याने टिपेप्रमाणे खेळायचं ठरवलं. रणगाडे दरीच्या तोंडाशी गोळा झाले, मागून सोळा टँकर निघाले, पुढच्यांना हलता येईना, मागचे थांबेनात. नवव्या मिनिटाला विमानं आली आणि टीव्हीवर नुसता जाळ झाला.

तो घाईने म्हणाला, की लॅपटॉप जुना आहे, अडखळतोय. वैष्णवीने शांतपणे पिशवीतून त्याचा नवा लॅपटॉप काढला. काही अडू नये म्हणून तिने तो घरून घेतला होता. दुसरा डाव सात मिनिटांत आटोपला. आता त्याने माऊसला दोष दिला.

कृष्णातरावांनी ऐकलं, आणि स्टुलावरचा ऑपरेशनचा पाय दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला. आतल्या खोलीत दुसरा माऊस आहे, तो आणतो म्हणाले. वॉकर पुढे ओढून ते दात आवळून उठायला लागले. मुक्ताबाई धावल्या, पण ते कुणाला हात लावू देईनात.

इंद्रजितला ते बघवेना.

“मामा, बसा,” तो म्हणाला. “माऊस ठीक आहे. मी हे मिशन कधी जिंकलोच नाही. ती टिप मी मनानेच लिहिली.”

आत कुकरची शिट्टी झाली, तरी मुक्ताबाई जागच्या हलल्या नाहीत. वैष्णवी नवऱ्याकडे असं बघत होती, की त्यापेक्षा शत्रूची विमानं बरी. कृष्णातराव सावकाश खाली बसले. स्वतःचे दोन्ही पंजे उलटेपालटे करून त्यांनी नीट बघितले.

“म्हंजी माजा हात जड न्हवता,” ते म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ऑपरेशनपासून आपल्या हातून काहीच धड होत नाही असं त्यांनी मनात घेतलं होतं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग हौसेरावांनी घसा खाकरला. मार्केटाच्या गेटातून सोळा ट्रक एकदम कोण सोडतं, असं त्यांनी विचारलं. कृष्णातराव म्हणाले, की ते तिसऱ्या डावालाच दिसलं होतं, पण शिकलेल्या माणसाने लिहिलंय म्हणून गप बसलो. त्यांनी खुर्ची टीव्हीजवळ ओढायला लावली. इंद्रजितने फक्त माऊस धरायचा, हुकूम त्यांचा.

रणगाडे तोंडावर नकोत, वळणावरच्या खोबणीत उभे करा. चारच टँकर सोडा. ते पोचेपर्यंत पुढचे चार हलवायचे नाहीत, विमानं दिसली तरी नाहीत. पहिले चार गेले. दुसरे चार गेले. तिसऱ्या खेपेला एक रणगाडा जळाला आणि इंद्रजितचं बोट घाबरून उरलेल्या चारांकडे वळलं.

“थांब म्हनलं ना तुला!” कृष्णातराव गरजले. जावईबापू कधीच मागे पडले होते.

तो थांबला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. हौसेरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. विमानं दरीवरून निघून गेली, “सोड” असा हुकूम आला, आणि शेवटचा टँकर यानात शिरला तेव्हा घड्याळात अकरा सेकंद उरले होते. मुक्ताबाईंना त्यातलं काही कळलं नव्हतं, तरी त्यांनी डोळ्याला पदर लावला.

त्याच संध्याकाळी इंद्रजितने जुनी टिप खोडली. आपण खोटं लिहिलं होतं आणि मिशन सासऱ्यांनी जिंकलं, हे सरळ कबूल करून नवी टिप टाकली, आणि शिव्या खायला तयार होऊन बसला. एकही शिवी आली नाही. दोन दिवसांत सत्तर प्रतिक्रिया आल्या आणि बहुतेक सगळ्या सासऱ्यांसाठी होत्या. एकाने तर अदबीने विचारलं होतं, की बाकीच्या अकरा टिपा त्यांच्या नजरेखालून गेल्यात का.

ते मात्र इंद्रजितला लागलं. ती अकरा मिशनं त्याने स्वतः घाम गाळून जिंकली होती. त्याने तावातावाने सासऱ्यांना फोन लावला आणि त्या टिपा कशा वाटल्या ते मोकळेपणी सांगा म्हणाला.

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

“फोनवर नगं,” कृष्णातराव म्हणाले. “रविवारी ये. येताना वही आन. जाड बघून आन.”