धनवर्धिनीची आणेवारी

कानिफनाथ वाबळे यांना या व्यवहारात वर्षाला पंचाहत्तर रुपये जास्त सुटणार होते. निवृत्तीच्या पैशांपैकी तीन हजार त्यांनी शेवगावच्या धनवर्धिनी सहकारी बँकेत मुदत ठेवीत ठेवले होते. साडेसहा टक्क्यांनी त्याचे वर्षाला एकशे पंच्याण्णव येत. तेच तीन हजार बँकेच्या शेअरमध्ये घातले, तर नऊ टक्के लाभांशाने दोनशे सत्तर. बहात्तर सालच्या त्या दुष्काळात पंचाहत्तर रुपये काही रस्त्यात पडलेले नव्हते.

ठेवीची मुदत सोमवारी संपत होती, आणि बँकेचे मॅनेजर उत्तमराव दारकुंडे आपणहून म्हणाले होते, "भाऊसाहेब, पुन्हा ठेव कशाला? शेअरच घ्या की." इथेच वाबळ्यांच्या मनात पाल चुकचुकली. कुणी आपणहून पंचाहत्तर रुपये द्यायला निघाला, की त्याचे दीडशे कुठेतरी सुटत असतात, असा त्यांचा सिद्धान्त होता. शिवाय शेअरचे पैसे ठेवीसारखे मागितले की परत मिळत नाहीत. बँक बुडाली, तर शेअरवाला सगळ्यात शेवटी किनाऱ्याला लागतो.

वाबळे तलाठी म्हणून निवृत्त झालेले, म्हणून अजूनही सगळ्या गावाचे भाऊसाहेब. कागदावर विश्वास ठेवू नये हे त्यांना फार चांगलं ठाऊक होतं, कारण कागद त्यांनीच लिहिले होते. उभी हयात त्यांनी पीकपाहणी चावडीच्या ओट्यावर बसून केली. बाजरीच्या रानात त्यांनी तूर उभी केली होती, आणि एका कोरड्या विहिरीवर सलग सात वर्षं ऊस पिकवला होता. त्यामुळे धनवर्धिनीचा छापील वार्षिक अहवाल त्यांनी शेवटपर्यंत वाचला आणि एका कारागिराने दुसऱ्याला द्यावी तशी दाद दिली.

"हात चांगला हाय लिहिणाऱ्याचा," ते म्हणाले, आणि अहवाल बाजूला ठेवून आयुष्यात पहिल्यांदा जागेवर पाहणी करायला निघाले.

शनिवारी सकाळीच त्यांनी बँकेसमोरच्या बन्सीच्या हॉटेलात बाकडं धरलं. साधा चहा वीस पैसे, स्पेशल तीस. भाऊसाहेबांनी साधा मागवला आणि तपास सुरू केला.

"बन्सी, म्यानेजर चहा कसला पितो रं?"

"स्पेशल. पन अर्धाच."

"अर्धा? वांधे दिसत्यात. आन् उधारी किती हाय त्याची?"

"छ्या, रोख देतो."

"रोख?" भाऊसाहेब पुढे सरकले. "का? तू उधार देत न्हाईस का त्याला?"

बन्सीला हे आजवर सुचलं नव्हतं. त्याने मान वळवून बँकेकडे पाहिलं, आणि ती त्याला आज जरा कललेली वाटली.

बँकेतलं घड्याळ बंद होतं. दुरुस्तीला पैसे नसणार. छताला पंखा मात्र नवा होता. म्हणजे लोकांच्या पैशावर वारा खातात. पहारेकरी डुलक्या घेत होता, म्हणजे राखण्यासारखं आत काही उरलेलं नाही. तेवढ्यात तो जागा होऊन ताठ उभा राहिला. भाऊसाहेबांना ते जास्तच खटकलं. एवढी भीती कशाची?

दुपारपर्यंत सगळं पाहून झालं. पाहिल्यावर आकडा काढायचा, ही जन्माची सवय. पीक कसं आहे ते तलाठी आण्यांत सांगतो. सोळा आणे म्हणजे रान भरून पीक, आणि सहा आण्यांच्या आत आलं, की दुष्काळ जाहीर आणि शेतसाऱ्याची वसुली तहकूब. त्या वर्षी तर लहान पोरालाही आणेवारी कळत होती. भाऊसाहेबांनी इमारतीचे दोन आणे धरले, पंख्याचा एक कापला, मॅनेजरच्या गोड बोलण्याचे दोन कापले, आणि बरीच आकडेमोड करून पुटपुटले, "पाच आणे."

"कशाचे?" बन्सीने कप उचलता उचलता विचारलं.

"बँकेचे. आणेवारी पाच."

बन्सीचे चारशे रुपये तिथे होते. कप त्याच्या हातातच राहिला. "भाऊसाहेब, ही सरकारी म्हनायची का?"

यावर 'नाही' म्हणायला माणूस वेगळा लागतो. भाऊसाहेबांनी टोपी सारखी केली. "आणेवारी काय खासगी असती व्हय रं?"

संध्याकाळी त्यांनी घरीही निकाल सांगून टाकला. भागिरथीबाई रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. पांढरी ज्वारी कधीच दिसेनाशी झाली होती.

"धनवर्धिनी पाच आणे," भाऊसाहेब म्हणाले. "शेरबिर काई नको. सोमवारी पैसे काढायचे आन् मोकळं व्हायचं."

भागिरथीबाईंचा हात थांबला. "अवो, मंजी बुडती का काय?"

"बुडंल न्हाईतर तरंगंल. आपली मुदत सपली, आपल्याला काय?"

"आन् येकाद्याची मुदत सपली नसंल तर?"

"मुदतीआधी मोडली की याज गेलं. भोगंल ज्याचा तो."

पुढची भाकरी भागिरथीबाईंनी अशी थापली, की तिला परातीतच भोक पडलं.

रविवारी गोरक्षनाथ गाडेकर नारळ घेऊन आला. त्याने धनवर्धिनीतून ऑइल इंजिनासाठी कर्ज काढलं होतं. विहिरीत पाणी नव्हतं, इंजिन झाकून ठेवलं होतं, आणि हप्ता तेवढा चालू होता. त्याने नारळ भाऊसाहेबांच्या पुढ्यात ठेवला आणि चक्क पायांना हात लावला.

"लई उपकार झाले, भाऊसाहेब. आमी जन्मात इसरनार न्हाई."

कसले उपकार, हे भाऊसाहेबांना ठाऊक नव्हतं. पण विचारलं तर ठाऊक नसल्याचं कळलं असतं. म्हणून ते नुसते "असू दे, असू दे" म्हणाले, आणि तो गेल्यावर नारळ कानाशी धरून हलवून पाहिला. फुकटच्या नारळात पाणी असतं यावर त्यांचा विश्वास नव्हता.

प्रकार असा झाला होता. बन्सीने पाच आण्यांची गोष्ट गिऱ्हाइकांना चहाबरोबर दिली, आणि रविवारी दिवसभरात गावाने तिचा नियमाप्रमाणे अर्थ लावला. सहा आण्यांच्या आत म्हणजे वसुली तहकूब. तेव्हा कर्जदारांनी ठरवलं, की आता हप्ता भरायचा नाही, सरकारनेच सांगितलंय. हे ठेवीदारांच्या कानावर गेलं. हप्ते आले नाहीत, तर आपले पैसे कुठून येणार, हे कळायला त्यांना सरकारी माणूस लागला नाही. शेवगावची डोकी अशी नेमकी चालली, म्हणूनच घोटाळा झाला.

सोमवारी भाऊसाहेब निवांत दाढीबिढी करून बँकेवर पोचले, तेव्हा रांग पायऱ्या उतरून बन्सीच्या हॉटेलाला वळसा घालून गेली होती. ते पाहून त्यांना आधी समाधान वाटलं. "बगा! मी पाचच म्हनलो हुतो!" मग लक्षात आलं, की आपले तीन हजार या रांगेच्या पलीकडे आहेत. ते मुकाट्याने शेवटी उभे राहिले.

तिथे खरा घात झाला. "अरं, भाऊसाहेब सोता रांगंत हायेत!" कुणीतरी ओरडलं, आणि नुसती गंमत पाहायला आलेली माणसंही पासबुक आणायला घराकडे पळाली.

मॅनेजर उत्तमराव बाहेर आले. त्यांनी भाऊसाहेबांचा दंड धरला आणि त्यांना आत केबिनमध्ये नेलं. मागोमाग कडूबाई घुसली. ती बांगड्या विकायची, आणि तिचे सहाशे रुपये बँकेत होते. आत आपल्यामागे काय शिजतंय, ते बघितल्याशिवाय ती राहणार नव्हती.

"भाऊसाहेब, काय केलंत हे?" उत्तमरावांचा आवाज घोगरा झाला होता.

"मी? मी काय केलं?"

"बगा बाई!" कडूबाईने हात नाचवले. "तुमच्याच घरून तर सुरवात झाली, आन् आता इचारत्यात काय केलं!"

उत्तमराव पटकन म्हणाले, "ते राहू द्या, कडूबाई." त्यांनी शिपायाला बन्सीकडे पिटाळलं. "पाच स्पेशल सांग. तुला आणि कॅशियरलाही."

"याचे पैसे कोन देनार?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"बँक देईल हो."

बुडत्या बँकेकडून निदान तीस पैसे तरी वसूल झाले, या विचाराने भाऊसाहेबांनी तो चहा मनापासून घेतला.

"आता ऐका," उत्तमराव म्हणाले. "बँकेचे पैसे बुडालेले नाहीत, कर्जात बाहेर आहेत. तिजोरीत आज अठरा हजार आहेत. नगरहून आणखी येतील, पण उद्या. आणि तुम्ही रांगेच्या शेवटी. सगळ्यांनी पैसे काढले, तर तुमच्यापर्यंत तिजोरीची नुसती किल्ली पोचेल."

भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला. "मंग करायचं काय?"

"तुम्हाला माहीत आहे काय करायचं. नजर आणेवारी तुम्ही केलीत. आता अंतिम जाहीर करा. सहाच्या वर."

सोय मोठी होती. जन्मभर भाऊसाहेबांनी नजरेचा आकडा शेवटी हवा तसा वळवला होता. ते खुर्चीतून उठले आणि दारात जाऊन खाकरले. "ऐका हो! फेरपाहणी झाली. बँक दहा आणे!"

रांग हलली नाही. मागून कडूबाईच म्हणाली, "शनवारी पाच आन् सोमवारी दहा? मधी पाऊस पडला का काय?"

लोक हसले, पण जागेवरून कुणी सरकलं नाही. गोरक्षनाथ गाडेकर बाहेरून ओरडला, "भाऊसाहेब, पाचालाच ठिवा! नारळ दिलाय मी!"

"नारळ नासका निघाला!" भाऊसाहेब खेकसले.

"निस्ता शबूद नको," कडूबाई म्हणाली. "तुमचे तीन हजार हायेत ना हितं? ठेवीची मुदत आजच सपतीया म्हनं. घाला समदे शेरात. आमच्या डोळ्यांम्होरं. मंग आमी दहा आणे मानू."

भाऊसाहेबांनी उत्तमरावांकडे पाहिलं. उत्तमराव छताच्या पंख्याकडे पाहत होते. हे सगळं यांनीच तर घडवून आणलं नसेल? कडूबाईला यांनीच पढवलं असेल का? पण संशय घ्यायला आता वेळ नव्हता. पैसे मागावेत, तर ते मिळण्याआधी बँक झोपणार. पैसे वाचवायचे, तर ते आत टाकूनच वाचणार होते. पन्नासचा एक, असे साठ शेअर. अर्जावर सही करताना त्यांना जो घाम फुटला, तो कोरड्या विहिरीवर ऊस लिहितानाही कधी फुटला नव्हता.

कडूबाईने सही जवळून पाहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण घाम ओळखता येत होता. "खरी हाय," तिने बाहेर जाऊन सांगितलं, आणि रांग पातळ होत होत दुपारी संपली. नगरचे पैसे दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा ते मागायला कुणी नव्हतं. कर्जदारांचे हप्तेही पुन्हा सुरू झाले. गोरक्षनाथाने मात्र भाऊसाहेबांशी बोलणं टाकलं.

पुढे सहा महिने, जूनअखेर बँकेचं वर्ष संपेपर्यंत, भाऊसाहेबांना नीट झोप नव्हती. रोज ते बन्सीच्या बाकड्यावर बसून बँक जागेवर आहे का ते पाहत. पावसाळा बरा झाला, वार्षिक सभा भरली, आणि नऊ टक्के लाभांश जाहीर झाला. सहा महिन्यांचा हिस्सा म्हणून भाऊसाहेबांच्या हातात एकशे पस्तीस रुपये पडले.

"एवढ्या गोंधळात नफा आला कुटून?" त्यांनी उत्तमरावांना बाजूला घेऊन संशयाने विचारलं.

"त्या गोंधळातूनच थोडा," उत्तमराव हळूच म्हणाले. "त्या सोमवारी सकाळी ज्यांनी घाबरून मुदतीआधी ठेवी मोडल्या, त्यांचं व्याज बँकेकडेच राहिलं ना."

भाऊसाहेब हरखून घरी आले. नोटा खाटेवर मांडून भागिरथीबाईंना म्हणाले, "हे बघ. ठेवीत सहा महिन्यांचे साडेसत्त्याण्णव आले असते. आले एकशे पस्तीस. साडेसदतीस जास्त! आन् दिले कुनी? येड्यांनी! घाबरून मोडल्या ठेवी!"

"त्यातली पयली येडी मी," भागिरथीबाई म्हणाल्या.

भाऊसाहेबांचा हात नोटांवरच राहिला.

"बाराशे हुते माझे. सा महिने झाल्ते ठिवून. तुमी पाच आणे म्हनला, मी बँक उघडायच्या आदी पायरीवर जाऊन बसले. बन्सीनं मला पैसे घिऊन जाताना बगितलं आन् मंग समदा गाव धावला. एकुनचाळीस रुपये याज गेलं माझं."

"बाराशे? तुझ्याकडं? कुटनं आले?"

"म्हशीतून. धा वर्सं दूध इकतीया."

"आन् मला ठाव न्हाई?"

"तुमी पाहनी बसल्या जागेवरून करता," भागिरथीबाई म्हणाल्या, आणि हात पुढे केला. "एकुनचाळीस."

भाऊसाहेबांनी मोजून दिले. भागिरथीबाईंनी ते पुन्हा मोजले, आणि दहाच्या तिन्ही नोटा उजेडात धरून पाहिल्या.

मग भाऊसाहेब खाटेवर बसून हिशेब जुळवत राहिले. आले साडेसदतीस, गेले एकोणचाळीस. घरात दीड रुपयाची खोट. तो दीड रुपया धनवर्धिनीत राहिला. पण बँकेने त्याचं केलं काय, हा संशय त्यांना काही केल्या सोडेना. बराच वेळ डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. पाच स्पेशल चहा, दर तीस पैसे.

म्हणजे त्या दिवशीच्या चहाचे पैसे त्यांनीच दिले होते.