बखर ओगलेपंतांच्या हिरवळीची

श्रीकुलदेवता प्रसन्न. बाळगोपाळांचें आयुष्य अखंड असो. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, भाद्रपद मास, ते समयीं चार इमारतींचें एक राज्य होतें, नांव सांगून करावयाचें काय, आणि त्याचे अध्यक्ष राजश्री गजाननपंत ओगले मोठे हौशी, राज्याचे मध्यभागीं हिरवळ राखिली होती तीवर त्यांचा भारी जीव, आणि त्याहून भारी नातीवर, चिरंजीव गार्गीवर. हिरवळींत उगवणारी आंबुशी ओळखावयास आणि चाखावयास तीस पंतांनींच शिकविलें, आणि आंबट पाल्यानें पोरीनें डोळे मिटावे, पंतांनीं हंसावें, ऐसा रोजचा परिपाठ होता. मग गणपती जवळ आले. सुंदर हिरवळीचें बक्षीस यंदा आपलेंच, ऐसें पंतांचे मनानें घेतलें, आणि बक्षिसाचे हिरवळींत तण कैसें चालेल? तणनाशक आणविलें. तळमजल्याच्या नलिनीबाई सहस्रबुद्धे आडव्या आल्या, बोलिल्या, "पंत, पोरें येथें लोळतात. औषध मारूं नका, आम्ही बायका खुरपून देतों." पंत हंसून बोलिले, "बाई, तुम्ही खुरपीत बसाल तों गणपती विसर्जनास जातील! चार दिवस दोरी बांधितों, मग झालें." दोरी बांधिली, फवारणी जाहली, तों दुसरेच दिवशीं मांडववाले आले, खांब रोवावयास दोरी आड येते म्हणाले, आणि पंतांनीं ती आपले हातें सोडिली. अहो, हात कैसा धजला! बक्षिसापायीं डोकें गहाण टाकिलें, दुसरें काय.

दुपारीं पोरींनीं मांडवामागें भातुकली मांडिली, मातीचा गणपती केला, नैवेद्यास आंबुशीची चटणी वाटिली, आणि गार्गीनें ती कोणास देण्याआधीं आपणच चाटून पुसून खाल्ली. सांजेस उलट्या सुरू, तोंड पोळलें, पोर पांढरीफटक. दवाखान्यांत डॉक्टरीणबाईंनीं पुसिलें, "काय खाल्लेंस, बाळ?" पोर बोलिली, "आजोबांची चटणी." सर्वांनीं पंतांकडे पाहिलें. धरणी पोटांत घेईल तर बरें, ऐसें पंतांस जाहलें. देवाची कृपा, पोर वांचली.

मग पंतांनीं तणनाशक कायमचें बंद केलें, खुरपें घेऊन नलिनीबाईंचे शेजारीं बसों लागले, आणि बक्षीस दुसरे राज्यास गेलें त्याचें त्यांस कांहींच वाटलें नाहीं. वर्ष लोटलें, आंबुशी पुन्हां फुटली. एके सकाळीं पंतांनीं चार पानें धुवून नातीपुढें धरिलीं, "घे ग, आतां कांहीं नाहीं त्यांत," आणि तिची खात्री पटावी म्हणोन आधीं एक आपले तोंडांत घातलें. पोर किंचाळली, त्यांचे तोंडांत बोटें घालूं लागली, "आजोबा, थुंका! थुंका ना!" पंत थुंकले, आणि तेथेंच गवतांत बसोन ढसढसां रडले.

ऐसें वर्तमान जाहलें. हिरवळ ओबडधोबड आहे, पोरें खुशाल लोळतात, नलिनीबाईंचा शब्द राज्यांत चालतो. आंबुशी मात्र कोणी तोडीत नाहीं, याचें लिहिणारास फार वाईट वाटतें. इति.