आबांची फटफटी आणि प्रभूचा परण्या

आमच्या पोराचा, प्रभूचा परण्या, म्हणजे लग्नाला जायची मिरवणूक, घोडीवर निघणार नाही, आबांच्या फटफटीवर निघेल, असं मी साखरपुड्यातच जाहीर करून टाकलं. घरची गाडी असताना नवरदेवाने भाड्याच्या घोडीवर का बसायचं?

आबा म्हणजे माझे वडील. लग्न झाल्यावर आईला त्यांनी याच फटफटीवर पुसेगावात आणलं होतं. ते गेल्यापासून गाडी कापसाच्या खोलीत उभी होती. बाहेर काढली तर सीटखालून उंदरांचं अख्खं कुटुंब बेघर झालं! नवं पेट्रोल, नवा प्लग, आणि किका मारून माझी पिंडरी सुजल्यावर ती सुरू झाली. रस्त्यावर तर अशी पळाली की मला आबाच आठवले.

खोड एकच. रेस सोडली की दोन आचके देऊन बंद. आणि तापल्यावर बंद पडली की तासभर सुरू होत नसे.

"दाजी, परण्या काय पळत जातो का?" माझा मेहुणा रखमाजी म्हणाला. "पोरं दर चौकात नाचनार. तितं ही उभी ऱ्हाईल का? घोडी सांगा अन् हिला भंगारात द्या."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच मला राग आला. "नवरदेवाला नेऊन नवरीला घरी आनेपर्यंत एकदा जरी बंद पडली," मी चारचौघांत बोलून बसलो, "तर तूच ने भंगारात."

मेकॅनिककडे जा म्हणून सगळ्यांनी सांगितलं. मी कशाला जातो! कार्बोरेटर स्वतः खोललं. रेस सोडल्यावर ज्यातून पेट्रोल येतं ते स्लोचं बारीक भोक जुन्या पेट्रोलचा चिकटा बसून बुजलं होतं. अनुसयेची, म्हणजे बायकोची, गोधडी शिवायची सुई घातली आणि भोक चांगलं मोकळं केलं. जरा जास्तच मोकळं झालं. आता गाडी एकाच आचक्यात बंद पडू लागली, वर काळा धूर.

"घोडीला सुई लागत न्हाई," अनुसया एवढंच म्हणाली.

लग्न सेनगावात होतं. मी पुढे, बाशिंग बांधलेला प्रभू मागे, आणि माझी मूठ सतत रेसवर. बँडवाल्यांनी गाल फुगेपर्यंत वाजवलं, पण फटफटीपुढे काही ऐकू येईना. शेवटी पोरं फटफटीच्याच तालावर नाचली. नवरदेवाचा पांढरा पोशाख मागून राखाडी झाला. मारुतीच्या पाया मी सीटवरूनच पडलो, एका हाताने.

मांडवाच्या दारात प्रभू उतरला.

"बाबा, चला ना. लग्न लागून राहिलं."

"तू हो पुढं."

"तुमी नसल्यावर कसं?" पोराचा चेहरा उतरला. पण मागे रखमाजी हसत उभा होता. मूठ सोडली की आबांची गाडी त्याच्या भंगारात! मी मान हलवली आणि रेस वाढवली.

मंगलाष्टकं सुरू झाली. पोराच्या लग्नात मी मांडवाबाहेर, फटफटीवर. कुणीतरी मूठभर अक्षता आणून दिल्या. एका हाताने त्या मांडवाकडे भिरकावल्या. निम्म्या टाकीवरच पडल्या. डोळ्यांत पाणी आलं. धुराने आलं म्हणा.

आणि शेवटच्या 'सावधान'ला गाडीने एक आचका दिला. फट्... फट्... गप्प.

सगळा मांडव वळून बघू लागला. मामा म्हणून नवरदेवाच्या मागे उभा असलेला रखमाजी तर आधी वळला. मी टाकीचं झाकण उघडून आत बघितलं आणि तिथूनच ओरडलो, "बंद पडली न्हाई! पेट्रोल संपलं!"

पेट्रोल आणून ओतलं, पण तापलेली गाडी सुरू होईना. नवरीला रखमाजीच्या जीपमध्ये घरी आणलं. जीपच्या मागे दोरी, दोरीला फटफटी, आणि फटफटीवर मी, ताठ बसलेलो. रखमाजीने भंगाराचा विषय काढला नाही. मीही दोरीचा काढत नाही.